आता ओळखू आलीस!

(मेळाव्यातील मनोगत)



सकाळी तर्री-पोह्याची प्लेट घेऊन उभी होते, तेव्हा तिघीजणी म्हणाल्या, "अगं, आता ओळखू आलीस!" हा 'आता' कुठून आला, ते सांगायला माईक मागून घेतला.

मागच्या मेळाव्याचा फोटो आठवा. पहिल्या रांगेतली गोल, लालबुंद चेहऱ्याची बाई म्हणजे मी. "आयटीचा पगार अंगी लागला," असं कुणीतरी म्हणालं. मीही हसले आणि घरी जाऊन फोटो डिलीट केला.

पोट सुटत होतं, हातपाय मात्र काडीसारखे. मांडी घालून बसले की आधाराशिवाय उठता येईना. जरा लागलं की काळंनिळं. पोटावर रुंद जांभळे पट्टे. बीपी, साखर दोन्ही वाढलेली. दोन वर्षं प्रत्येक तक्रारीला वेगळी गोळी आणि सल्ला एकच, कमी खा, चाला. फुटाळ्याला रोज चालत होते हो मी!

पाच ठिकाणी एकदम चूक दिसली, की आम्ही सॉफ्टवेअरवाले मूळ एकच असेल असं धरतो. स्वतःच्या शरीराबाबत ते मला सुचलं नाही. एका एंडोक्रायनॉलॉजिस्टना सुचलं, ते पट्टे बघून. कुशिंग सिंड्रोम. हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जनने १९१२ साली वर्णन केलेला आजार.

कॉर्टिसोल आपल्या मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींत तयार होतं, सकाळी जास्त, मध्यरात्री अगदी कमी. मेंदूच्या तळाची पिट्युटरी त्यांना हुकूम सोडते आणि रक्तात ते पुरेसं झालं की गप्प बसते. माझं गप्प बसणंच बिघडलं होतं. तपासणी तर मला फार आवडली: रात्री ११ ला डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी, सकाळी ८ ला रक्त. निरोगी माणसाचं कॉर्टिसोल खाली येतं. माझं ढिम्म हललं नाही. मग २४ तासांची लघवी, एमआरआय, ६ मिलिमीटरची गाठ आणि नाकातून शस्त्रक्रिया.

खरी परीक्षा त्यानंतर. इतके दिवस आयतं कॉर्टिसोल मिळाल्याने उरलेल्या निरोगी पेशी झोपी गेलेल्या. त्या जाग्या होईपर्यंत दहा महिने हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या घेतल्या. सांधे ठणकायचे, जिना चढताना रडू यायचं. त्या दिवसांत ग्रुपवर उत्तर दिलं नाही, ते रागाने नव्हे.

माझ्यासारखी गाठ दुर्मीळ. पण हाच आजार बाहेरून घेतलेल्या स्टिरॉइडने होतो, तो कितीतरी जास्त. २०२१ मध्ये काळी बुरशी नागपूरने पाहिली. तिच्या कारणांतही साखरेबरोबर स्टिरॉइडचा अतिरेक होता. आणि काल रात्री गप्पांत एकीने पर्समधून गजकर्णाची ट्यूब काढली. दोन वर्षं लावतेय, चिठ्ठीशिवाय. मी नाव फिरवून वाचलं, स्टिरॉइडच. बाई गं, सोमवारी डॉक्टरकडे जा. ज्यांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी माझं ऐकून आज एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल झोपलेलं असतं, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

बास. फोटोवाले थांबलेत. सर, मी याही वेळी पहिल्या रांगेत, खाली सतरंजीवर मांडी घालून बसणार आहे. उठताना कुणी हात देऊ नका.