खेळ घरचा, पट भाड्याचा

सांताक्रूझ पूर्वेस, वाकोल्याच्या बाजूला, एका मध्यम स्थितींतल्या कुटुंबाच्या दिवाणखान्यांत रविवारीं सायंकाळीं पांच स्नेही जमतात अशी कल्पना करावी. मेजावर कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचा एक फांसा आहे. पांचांपैकीं एक जण सूत्रधार होऊन कथा सांगतो. उरलेले चौघे त्या कथेंतील एकेका पात्राची भूमिका घेतात आणि प्रसंग आला कीं आपण काय करणार तें आपल्या तोंडानें सांगतात. बेत साधला कीं फसला, ह्याचा निवाडा फांसा करितो. कोंकणांतील दशावतारी मंडळी लिखित संहितेवांचून, केवळ आख्यान ठाऊक असल्याच्या बळावर, रात्रभर संवाद रचीत असतात. तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ह्या भूमिका-खेळाची जात अगदींच परकी वाटणार नाहीं.

ह्या जातीचा पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनीं प्रसिद्ध केला. त्या वेळीं पेटींत तीन लहान पुस्तिका असत. बाकीचा संसार कागदाचा, फांशांचा व कल्पनेचा. आज त्याच खेळासाठीं संगणकावरील साधनांचा बाजार उभा राहिला आहे आणि त्यांतील बरींच साधनें दरमहा वर्गणी मागतात. मुलानें किंवा सुनेनें अशा वर्गणीची गोष्ट काढली कीं घरांतील वडील माणसें सहजच विचारतात, 'गप्पांचा खेळ, त्याला पैसे कसले?' प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचें उत्तर एका शब्दांत देण्याजोगें नाहीं.

हीं साधनें हवीं तरी कशाला, हें प्रथम पाहिलें पाहिजे. मुंबईच्या उपनगरांतील मित्रमंडळ एका जागीं फार दिवस राहत नाहीं. घरभाडें वाढलें म्हणून एक जण बोरिवलीस जातो. लग्नानंतर दुसरी मुलुंडास राहावयास जाते; सांताक्रूझला येण्यासाठीं तिला दादरला गाडी बदलावी लागते, आणि तीही नेमकी रविवारीं, म्हणजे रेल्वेच्या मेगाब्लॉकच्या दिवशीं. तिसरा नोकरीनिमित्त न्यू जर्सीला गेलेला असतो. पावसाळ्याची तर गोष्टच नको. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेनें ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, हें ह्या भागांतील माणूस विसरलेला नाहीं. पुढें मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली आणि शेजारच्या इमारतींतील मित्रही पडद्यावरच भेटूं लागला. सांताक्रूझला रात्रीचे आठ वाजतात तेव्हां न्यू जर्सींत उन्हाळ्यांत सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. तेवढी एक वेळ सर्वांस साधते. अशा मंडळीस एकच पट सर्वांस दिसावा, फांसा सर्वांदेखत पडावा आणि बेरजा-वजाबाक्या बिनचूक व्हाव्या, ही सोय संगणक करितो. 'फँटसी ग्राउंड्स' २००४ पासून, 'रोल ट्वेंटी' २०१२ पासून आणि 'फाउंड्री' २०२० पासून हेंच काम करीत आलीं आहेत.

आतां पैसे कशासाठीं देऊं नयेत तें आधीं सांगितलें पाहिजे. नियमांसाठीं प्रारंभींच पैसे देण्याचें कारण नाहीं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची मालक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्ट हिनें जुन्या परवान्याच्या अटी बदलण्याचा घाट घातला होता. खेळाडूंनीं त्यास एवढा विरोध केला कीं, जानेवारी २०२३ मध्यें कंपनीला माघार घ्यावी लागली आणि मूळ नियमांचा सुमारें चारशें पानांचा संग्रह क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालीं सर्वांस खुला करावा लागला. तो परवाना आतां परत घेतां येत नाहीं. तेव्हां नवशिक्यांनीं ते नियम विनामूल्य उतरवून घ्यावे, साध्या व्हिडिओ-संभाषणावर आपापल्या घरीं फांसे टाकावे आणि पांच-सहा बैठका होऊं द्याव्या. एवढ्यांत ज्यांचा रस आटला त्यांचे पैसे वांचले. 'रोल ट्वेंटी'चा फुकट विभागही पुष्कळ दिवस पुरतो. त्यांत जाहिराती सोसाव्या लागतात आणि नकाशे ठेवण्यास जागा बेताची मिळते, इतकेंच.

पुढें मात्र जें फुकट तें खर्चावांचून, असें राहत नाहीं. तो खर्च सूत्रधाराच्या वेळाचा असतो. चौघे खेळाडू रविवारीं आठ वाजतां येऊन बसतात. सूत्रधार शनिवारची अर्धी रात्र नकाशावर चौकटी जुळवीत आणि राक्षसांचीं बळें वहींतून पडद्यावर उतरवीत बसलेला असतो. आठवडाभर कचेरी आणि लोकलची गर्दी सोसणारा हा मनुष्य चार महिन्यांनीं थकतो, मग 'ह्या रविवारीं जमणार नाहीं' असें कळवूं लागतो. पांच जणांचा जुना स्नेह ज्या एका निमित्तानें नियमानें भेटत होता तें निमित्तच नाहींसें होतें. जें साधन सूत्रधाराची ही शनिवारची रात्र वांचवितें, त्याची किंमत देण्यासारखी आहे. जें केवळ पडद्यावर ज्वाळा आणि विजा नाचवितें, त्यावांचून कोणाचें अडत नाहीं.

हिशेब करून पाहावा. 'फाउंड्री' २०२० सालीं ५० डॉलरांस विक्रीस निघालें. किंमत एकदांच द्यावयाची, आणि तीही एकट्या सूत्रधाराच्या नांवें. खेळाडूंस स्वतंत्र परवाना लागत नाहीं. परदेशांतून घेतलेल्या संगणकीय सेवेवरील १८ टक्के वस्तु व सेवा कर धरिला तर ५९ डॉलर होतात. डॉलरचा भाव ८५ रुपये मानल्यास सुमारें ५,००० रुपये. पांच जणांत वांटणी केली तर माणशीं १,०००. वर्षांत चाळीस बैठका, अशीं दोन वर्षें खेळ चालला, तर एका बैठकीस माणशीं साडेबारा रुपये पडतात. स्थानकाबाहेरच्या वडापावासही त्याहून अधिक मोजावे लागतात. ह्याच्या उलट महिना सहा डॉलरांची वर्गणी घेतली तर त्याच भावानें करासह वर्षाला ७,२०० रुपये होतात, आणि दोन वर्षांनीं हातीं कांहींच शिल्लक राहत नाहीं. अर्थात् विकत घेतलेलें साधन आपल्याच संगणकावर चालूं ठेवावें लागतें आणि घरच्या जोडणीवरून इतरांस आंत घेण्याची खटपट करावी लागते. ज्यास ती झेपत नाहीं त्यास भाडें भरणें सोयीचें पडेल. म्हणून खरेदी चांगली आणि भाडें वाईट, असा सरसकट निवाडा करितां येणार नाहीं.

भाड्याच्या वस्तूंत खरा धोका पैशाचा नसून ताब्याचा आहे. 'डी अँड डी बियाँड' ही पुस्तकें व पात्रपत्रकें पडद्यावर पुरविणारी सेवा २०१७ सालीं निघाली. पांच वर्षांत तिची मालकी दोनदां बदलली. २०२२ सालीं हॅस्ब्रो कंपनीनें ती १४ कोटी ६३ लाख डॉलरांस घेतली. ऑगस्ट २०२४ मध्यें, खेळाचे नवे ग्रंथ निघण्याच्या सुमारास, ग्राहकांच्या पात्रपत्रकांतील जुने मंत्र व जादूच्या वस्तू नव्या नियमांप्रमाणें बदलल्या जातील असें जाहीर झालें. ग्राहकांनीं ओरड केली आणि थोड्याच दिवसांत तो बेत मागें घेण्यांत आला. शेवट गोड झाला खरा. पण कपाटांतील छापील पुस्तकाचा मजकूर कोणी परस्पर बदलील, अशी भीति कोणास कधीं वाटली नव्हती.

वाचनालयाची वर्गणी भरणाऱ्या कुटुंबांस ह्यांत नवल वाटूं नये. वर्गणी थांबली कीं पुस्तक परत जातें, ह्याबद्दल कोणी तक्रार करीत नाहीं. परंतु वाचनालयाच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर कोणी आपली रोजनिशीही लिहीत नाहीं. भूमिका-खेळांत मंडळी नेमकें हेंच करून बसते. कोणत्या रविवारीं कोणतें पात्र पडलें, कोणीं कोणास वांचविलें, न्यू जर्सीच्या मित्रानें ऐन लढाईंत कोणता विनोद केला, हा सारा इतिहास परक्याच्या जागेंत सांठतो आणि वर्गणीच्या तारखेवर अवलंबून राहतो. नियम पुन्हां मिळतात, नकाशे पुन्हां काढतां येतात; हा इतिहास मात्र दुसरीकडे कोठेंही मिळत नाहीं. म्हणून प्रत्येक बैठकीनंतर तिचा गोषवारा साध्या वहींत लिहावा आणि पात्रपत्रकांच्या प्रती उतरवून घरीं ठेवाव्या. एवढें केलें म्हणजे पट भाड्याचा असला तरी बिघडत नाहीं.

राहिला प्रश्न पैसे कोणीं द्यावे हा. आपल्याकडे स्नेह्यांत पैशाची गोष्ट काढणें कमीपणाचें वाटतें. म्हणून सूत्रधार मुकाट्यानें आपलें कार्ड पुढें करितो आणि कांहीं महिन्यांनीं तें त्याच्या मनांत सलूं लागतें. इमारतीच्या गणेशोत्सवाची वर्गणी मागतांना कोणी लाजत नाहीं, कारण तेथें पावती असते आणि हिशेब असतो. येथेंही तेंच करावें. पुष्कळ साधनांत एकाच्या वर्गणींत सर्व मंडळीचें भागतें. तेव्हां पांच जणांनीं पांच वर्गण्या भरणें हा अपव्यय होय. न्यू जर्सीच्या मित्राची मिळकत डॉलरांत आहे म्हणून सगळा भार त्याच्यावर टाकणेंही बरें नव्हे. ज्याचा त्याचा वांटा असला म्हणजे कोणी कोणाचा उपकारी राहत नाहीं.

रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलांत आलेल्या नियमांप्रमाणें, कार्डावरून ठराविक मुदतीनें आपोआप रक्कम वळती होण्यापूर्वीं निदान २४ तास आधीं ग्राहकास सूचना द्यावी लागते. ती सूचना आली कीं तो दिवस हिशेबाचा मानावा. गेल्या महिन्यांत मंडळी किती रविवार खरोखर बसली, तें वहींत पाहावें. तीन रविवार बसली असेल तर वर्गणी खुशाल चालूं द्यावी. एकही रविवार बसली नसेल तर ती बंद करावी आणि वांचलेल्या पैशांत मुलुंडच्या मैत्रिणीस रिक्षानें वाकोल्यास बोलवावें. मेज तेथें आहेच, आणि वीस पैलूंचा फांसाही.