नाक्यावरचा शेवटचा मजूर

कॅथलिक चर्चमध्ये रोजच्या मिस्सामध्ये शुभवर्तमानाचा एक उतारा वाचला जातो. बहुतेक ठिकाणी धर्मगुरू त्यावर चार शब्द बोलतातही. कोणता उतारा घ्यायचा हे त्यांच्या मर्जीवर नसते, तो आधीच ठरलेला असतो. वसईतल्या नंदाखालला मराठीत, मडगावला कोकणीत आणि तिकडे मनिलाला तागालोग भाषेत, सर्वसाधारणपणे त्या दिवशी तोच उतारा कानावर पडतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली बायबलचे भांडार लोकांसाठी अधिक खुले करावे असे ठरवले. त्यातून तयार झालेला वाचनसंग्रह १९६९ च्या आगमनकाळापासून वापरात येऊ लागला. रविवारची वाचने तीन वर्षांनी फिरून येतात. एरवीच्या दिवसांची शुभवर्तमाने मात्र दरवर्षी तीच. सामान्य काळात आधी मार्क, मग मत्तय, मग लूक. सोयीचे तेवढे घ्यावे आणि अडचणीचे टाळावे, अशी मुभा या व्यवस्थेत फारशी नाही, आणि मला तिची हीच गोष्ट आवडते.

अशा अडचणीच्या उताऱ्यांपैकी एक दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, बुधवारी येतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला. धनी पहाटे बाजारात जाऊन मजूर आणतो, एक दीनार रोज ठरवतो. नऊ वाजता पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना, पाच वाजता, तो आणखी काही जणांना घेऊन येतो. संध्याकाळी कारभाऱ्याला सांगतो, शेवटी आलेल्यांपासून पगार वाटायला सुरुवात कर. त्यांच्या हातावर एक दीनार पडतो. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांच्या हातावरही एकच. साहजिकच ते कुरकुरतात.

यावर चिंतन करताना आपण फार लवकर स्वर्गात पोहोचतो, असे मला वाटते. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी या दाखल्यातल्या वेळांचा अर्थ मानवी इतिहासाचे टप्पे आणि माणसाच्या वयाच्या अवस्था असा लावला. कोणी बालपणी देवाकडे वळतो, कोणी म्हातारपणी. अर्थ सुंदर आहे, आणि आजही अनेक प्रवचने त्याच वाटेने जातात. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये प्रवचन आठ मिनिटांच्या आत आवरा, नाहीतर लोकांना झोप लागते, असे धर्मगुरूंना सांगितले होते. सल्ला रास्तच. पण आठ मिनिटांत स्वर्ग गाठायचा म्हटला की बाजारात उभा असलेला मजूर मागेच राहतो.

त्याच्यापाशी थोडे थांबू या. आपल्या शहरांतही मजुरांचे नाके आहेत. सकाळी आठला तिथे गवंडी, बिगारी, रंगारी उभे असतात. तरणेताठे आधी उचलले जातात. दुपारी बारापर्यंत कोण उरते, ते पाहा. दाखल्यातल्या शेवटच्या मजुरांना धनी विचारतो की दिवसभर रिकामे का उभे राहिलात. ते सांगतात, आम्हाला कोणी कामाला बोलावलेच नाही. ते आळशी असल्याचे दाखल्यात कुठेही म्हटलेले नाही. दीनार म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी, घरात त्या रात्री शिजणारे अन्न. तासाच्या हिशेबाने त्याचा बारावा भाग दिला असता, तर हिशेब चोख झाला असता आणि मुले उपाशी झोपली असती. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडकच होता. येशूचे श्रोते तो जाणत होते.

या मजुराकडे नीट पाहणारा एक वाचक इंग्लंडमध्ये निघाला. जॉन रस्किन याने १८६० साली अर्थशास्त्रावर लेखमाला लिहिली आणि तिला ‘अनटू धिस लास्ट’ हे नाव दिले. ते याच दाखल्यातले. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी ते पुस्तक आगगाडीत वाचले. त्याच वर्षी फिनिक्सची वसाहत उभी राहिली. १९०८ मध्ये त्यांनी पुस्तकाचे सार गुजरातीत उतरवले, ‘सर्वोदय’ या नावाने. पुढे विनोबांनी घरोघरी पोहोचवलेला तो शब्द एका शुभवर्तमानाच्या उताऱ्यापाशी जाऊन पोहोचतो, हे आपल्या सहसा ध्यानात नसते.

तरीही पहाटे आलेल्याचा प्रश्न शिल्लक राहतो. तो चुकीचे बोलत नाही. कोणतीही कामगार संघटना त्याच्याच बाजूने उभी राहील. शिवाय दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला कामावर येणार कोण? दाखला याचे उत्तर देत नाही, आणि ते ओढूनताणून काढू नये. धन्याने शेवटच्यांना आधी पगार दिला, ही गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते. पहाटेच्यांना आधी दिला असता, तर ते ठरलेला दीनार घेऊन खुशीत घरी गेले असते, कुरकूर झालीच नसती. त्याने त्यांना थांबवले, दुसऱ्याच्या हातावर काय पडते ते पाहायला लावले.

आणि कुरकुरणाऱ्याला तो हाक मारतो ती ‘मित्रा’ अशी. मूळ ग्रीकमध्ये हा शब्द जरा दूरचा, ‘गड्या, ऐक’ म्हणावे तसा. मत्तयात तो आणखी दोनदाच येतो. एकदा गेथसेमानीच्या बागेत, यहूदा येशूला पकडून द्यायला येतो तेव्हा. आणि एकदा राजाच्या घरच्या लग्नात, लग्नाचा पोशाख न घालता पंगतीला बसलेल्या पाहुण्याला उद्देशून. तो लग्नाचा दाखला दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी वाचला जातो.