फोन कोण ऐकतो, परवानगी कोण देतो



नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत दहशतवादी हल्ला चालू असतानाच पोलिसांच्या हाती हल्लेखोरांचा एक मोबाइल क्रमांक लागला. दहशतवादविरोधी पथकाने तो ऐकायला घेतला. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमध्ये शिरलेल्या माणसांना पाकिस्तानात बसलेले सूत्रधार काय हुकूम देत होते, ते शब्दन्‌शब्द नोंदलं गेलं. कसाबच्या खटल्यात ही संभाषणं पुरावा ठरली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालपत्रात त्यांतले लांबलचक उतारे आले. सरकारने कुणाचाही फोन कधीच ऐकू नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते उतारे जरूर वाचावेत.

पण तसे दिवस क्वचित येतात. फोन मात्र रोज ऐकले जातात.

किती? माहिती अधिकारातल्या एका अर्जाला उत्तर देताना केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१३ साली सांगितलं होतं की, महिन्याला सरासरी साडेसात ते नऊ हजार फोन ऐकण्याचे आदेश निघतात. हे फक्त केंद्राचे. राज्यांच्या गृहखात्यांचे आदेश वेगळे.

या आदेशांवर लगाम असावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर, नियम घालून दिले. आदेश गृहसचिवानेच द्यायचा, त्याची मुदत दोन महिने, वाढवत नेली तरी सहा महिन्यांच्या पुढे नाही, आणि प्रत्येक आदेश पुनर्विलोकन समितीपुढे जायचा. कागदावर व्यवस्था चोख दिसते. समितीत मात्र सगळे सरकारी सचिवच. म्हणजे एका सचिवाने सही करायची आणि बाकीच्या सचिवांनी ती तपासायची. न्यायाधीश कुठेच नाही. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात याच दुखण्यावर बोट ठेवलं: दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या बैठकीत या समितीला पंधरा ते अठरा हजार आदेश तपासायचे असतात. आठ तासांची सलग बैठक धरली, मध्ये कुणी चहालाही उठलं नाही असं मानलं, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. दोन सेकंदांत नावसुद्धा धड वाचून होत नाही.

मावळातल्या माणसाला पाळत नवी नाही. आपल्या या इंदुरीहून जवळच, तळेगाव दाभाड्याला, विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय होतं. राष्ट्रीय शिक्षण देणारी ही शाळा सरकारच्या डोळ्यांत सलत होती आणि १९१० साली ती बंद पाडण्यात आली. 'विश्ववृत्त' मासिकातल्या एका लेखापायी विजापूरकरांना त्याआधीच तुरुंगवास झाला होता. त्या काळी मुंबई इलाख्याचे पोलीस सभांना माणसं पाठवत, भाषणं टिपून घेत, अहवाल वर धाडत. टिळकांवरचे असे कितीतरी गुप्त कागद मुंबई सरकारने १९५८ साली ग्रंथरूपाने छापले. टिळकांना जाऊन तोवर अडतीस वर्षं झाली होती.

परकं सरकार गेलं, १८८५ चा तार कायदा राहिला. फोन टॅपिंगची त्यातली तरतूद २०२४ च्या जूनपर्यंत लागू होती. तिच्या जागी आलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही 'सार्वजनिक आणीबाणी' आणि 'सार्वजनिक सुरक्षितता' याच दोन अटी आहेत, आणि परवानगी सचिवाचीच आहे. १९४७ साली मूलभूत हक्कांचे मसुदे तयार होत असताना कन्हैयालाल मुन्शींनी पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क सुचवला होता. घर आणि कागदपत्रांची अवाजवी झडती होऊ नये, हा हक्क बाबासाहेब आंबेडकरांच्या निवेदनात होता. दोन्ही गाळले गेले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमुखाने सांगेपर्यंत २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. त्यातलं प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं; ते शेजारच्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरच्या घराण्यातले. आणीबाणीत नागरिकाला न्यायालयाचं दार बंद करणाऱ्या १९७६ च्या निकालात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड बहुमतात होते. मुलाने २०१७ च्या निकालपत्रात तो निकाल पुसून टाकला. घरच्या माणसाची चूक कायद्याच्या भाषेत लिहून काढायला मोठी हिंमत लागते.

हक्क मिळाला. तो वापरायचा कसा?

पुण्याचंच उदाहरण आहे. २०१६-१७ च्या सुमारास नाना पटोले, बच्चू कडू यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींचे फोन भलत्याच नावांनी ऐकले गेले, असा आरोप झाला. पटोले यांच्या क्रमांकापुढे 'अमजद खान' असं नाव आणि कारण अमली पदार्थांचं, असं सांगितलं गेलं. २०२१ मध्ये हा विषय विधानसभेत गाजला, फेब्रुवारी २०२२ मध्ये बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, मुंबईत कुलाब्याला दुसरा. मग राज्यातलं सरकार बदललं. पुण्याचा तपास बंद करण्याचा अहवाल पोलिसांनी दिला, मुंबईच्या प्रकरणात खटल्याला सरकारने परवानगी दिली नाही, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. आरोप खरे होते की खोटे, याचा पुराव्यानिशी निवाडा खटल्यात झालाच नाही. ज्यांच्यावर आरोप झाला त्यांच्यावरही हा अन्याय आहे आणि ज्यांनी केला त्यांच्यावरही.

आमदार-खासदारांची ही गत, तर चाकणच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या मुलाला आपला फोन ऐकला गेला हे कळणार कसं? कळत नाहीच. भारतात तसं कळवण्याचं बंधन सरकारवर नाही. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायचा तर १९६८ पासून न्यायाधीशाचा आदेश लागतो आणि ऐकणं संपल्यावर साधारण नव्वद दिवसांत त्या माणसाला तसं कळवावं लागतं.

न्यायालय मनावर घेतं तेव्हा काय घडतं, तेही मुंबईनेच दाखवलं. लाचेच्या आरोपावरून सीबीआयने एका व्यावसायिकाचा फोन ऐकला होता; परवानगीचे तीन आदेश होते. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिन्ही रद्द केले. लाच हा गुन्हा आहेच, पण यात सार्वजनिक आणीबाणी कुठली आणि सार्वजनिक सुरक्षिततेला धोका कुठला, असा न्यायालयाचा सवाल होता. ध्वनिमुद्रणाच्या प्रती नष्ट करायला सांगण्यात आलं. आरोपी सुटेल या भीतीने न्यायालयाने नियम वाकवला नाही, म्हणून हा निकाल मोलाचा आहे.

स्नातकहो, आता तुमच्या टेबलाकडे येऊ. फोन मंत्री ऐकत नाही, सचिवही ऐकत नाही. आदेश दूरसंचार कंपनीतल्या नोडल अधिकाऱ्याकडे येतो, अभियंता यंत्रणा जोडतो, पोलीस कर्मचारी कानाला हेडफोन लावतो. २००५ साली दिल्लीत एका कंपनीकडे पोलिसांच्या नावाचं पत्र आलं आणि खासदार अमरसिंह यांचा फोन टॅप झाला. पत्र बनावट होतं. त्यात ढळढळीत चुका होत्या. त्या कुणाला खटकायला हव्या होत्या? २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की, कंपनीने जबाबदारीने वागलं पाहिजे, हाती आलेल्या कुठल्याही पत्रावर असं गंभीर पाऊल उचलता येणार नाही.

तुमच्यापैकी काही जण अशाच टेबलांवर बसतील. आदेश लेखी मागा. सही कुणाची आणि मुदत केव्हा संपते ते बघा, क्रमांक आणि नाव जुळतं का ते तपासा, शंका आली तर ती लेखी नोंदवा. वरिष्ठ घाई करतील, देशहिताचं नाव घेतील. तरीही कागद पूर्ण वाचा. जे कायद्याकडे जातील त्यांनी न्यायाधीशाची पूर्वपरवानगी आणि नंतर कळवण्याचं बंधन, या दोन सुधारणांसाठी भांडावं. आणि बाकीच्या सगळ्यांनी पुढच्या निवडणुकीत मत मागायला गावात येणाऱ्या उमेदवाराला थांबवून विचारावं: आमचा फोन ऐकण्याआधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी लागेल, असा कायदा तुम्ही मांडणार का?