पोच घेतली का?

(गुंजवणे येथे प्रौढांच्या वर्गापुढे केलेले भाषण)



भाताची लावणी उरकली. आता चार दिवस हाताला सवड आहे, म्हणून आम्ही आलो. मार्गासनीहून साखरवरून वर येताना पाऊस असा होता की राजगड कुठे आहे तेच दिसेना. तुम्ही म्हणता म्हणून मानायचे की किल्ला जागेवर आहे.

गेल्या खेपेला तुमच्यापैकी बहुतेकांनी पाटीवर आपले नाव लिहून दाखवले. एका आजीने तर तीनदा लिहिले. पाटी पुसूच देईना. आज आम्ही विचारतो, नाव पाटीवर आले. सातबाऱ्यावर आले का?

हसू नका. एक खरी हकीकत सांगतो.

दोन डोंगर पलीकडे एक गाव आहे. गावाचे नाव सांगत नाही आणि बाईचेही सांगत नाही. आपण तिला मावशी म्हणू. मावशीचा सासरा वारला, तेव्हा जमीन त्याच्या नावावर होती. मुलगे तिघे. कोणी नाव बदलून घेतले नाही. कसायला तिघे होतेच, मग कागदाची गरज कोणाला? पुढे मावशीचा नवरा ऐन आषाढात गेला. पदरात दोन लेकरे. दिवस झाले, पाहुणे गेले. मावशीने हळूच विषय काढला, तर धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, नाव कशाला पाहिजे? जमीन काय कुठं पळून जाणाराय?"

जमीन पळत नाही, हे खरे. पण कागद सरकतो.

दोन वर्षे गेली. मावशी आमच्याकडे आली. आम्हीच तिला वारस नोंदीचा अर्ज लिहून दिला. ती पायी कचेरीत गेली. तिथे सांगितले, "ठेवा इथं, बघतो." तिने अर्ज ठेवला, हात जोडले आणि परत आली. आम्ही विचारले, "दिला का?" ती म्हणाली, "दिला की." आम्हालाही बरे वाटले. अर्जाची दुसरी प्रत न्यायची, तिच्यावर सही, शिक्का आणि तारीख घ्यायची, हे आम्ही तिला सांगितलेच नव्हते. चूक आमची होती, शिकलेल्या माणसांची.

त्या अर्जाचे पुढे काय झाले हे आजवर कळले नाही. मावशी पाच-सहा वेळा गेली. कधी साहेब बैठकीला, कधी यंत्र बंद, कधी "पुढच्या आठवड्यात या". एका फेरीला एका दिवसाची मजुरी बुडे, आणि जाण्यायेण्याचे भाडे वेगळे.

मग दोघा दिरांनी आपला अर्ज दिला. त्यात लिहिले, वारस दोन. तिसऱ्या भावाचा उल्लेख नाही, त्याच्या बायकोचा नाही, लेकरांचा नाही. बहिणींचा तर नाहीच नाही. फेरफाराची नोटीस निघाली आणि चावडीवर लागली. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. ते पंधरा दिवस मावशी रोज त्या भिंतीवरून हंडा घेऊन जात होती. तेव्हा ती वर्गाला नुकती येऊ लागली होती. 'क' ओळखायची, 'म' ओळखायची. कागदावर 'क' होते, 'म' होते. पण त्या कागदाने आपल्या लेकरांचा वाटा जातो आहे, हे तिला समजले नाही. पंधरा दिवस संपले, हरकत आली नाही, नोंद मंजूर झाली.

पुढे प्रांतसाहेबांकडे अपील केले. अपिलाची मुदत साठ दिवसांची असते. तीही उलटून गेली होती. उशीर माफ व्हावा म्हणून वेगळा अर्ज द्यावा लागला. सुनावणीत पहिला प्रश्न आला, "तुम्ही आधी अर्ज दिला होता म्हणता, त्याची पोच कुठे आहे?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले.

शेवटी नाव लागले. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता, रेशनकार्ड होते, मुलाच्या शाळेचा दाखला होता, पोलीस पाटलाने खरे ते सांगितले. पण त्यात दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांचे भात दुसऱ्याच्या कणगीत पडले, आणि मावशी दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला गेली.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची आहे. तिच्यात लिहिले आहे की, वारसाने जमीन मिळाली की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे. तोंडी कळवले तरी चालते. आणि पुढे लिहिले आहे की, कळवणाऱ्याला तलाठ्याने ताबडतोब लेखी पोच द्यावी. ताबडतोब. म्हणजे पोच मागणे हा उद्धटपणा नाही. ती कायद्यातच लिहिलेली आहे. आपल्याला मात्र वाटते, पोच मागितली तर साहेब रागावतील. रागावले तर रागावू द्या. राग संध्याकाळी उतरतो. पोच पंचवीस वर्षे टिकते.

तीन महिने उलटले म्हणून हक्क जात नाही. उशिरा का होईना, कळवता येते. पण जितका उशीर, तितके वारस वाढतात, आणि तितकी भांडणेही.

अशा राहिलेल्या नोंदी महाराष्ट्रात इतक्या साठल्या होत्या की सरकारला त्यासाठी मोहीम काढावी लागली. २०२५ साली आधी बुलढाणा जिल्ह्यात आणि मग एप्रिलपासून सगळ्या राज्यात 'जिवंत सातबारा' मोहीम झाली. नाव मोठे चांगले शोधले. ज्या सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचे नाव, तो सातबारा मेलेला. वारसाचे नाव लागले की तो जिवंत. गावोगाव चावडी वाचन केले, मयत खातेदारांच्या याद्या केल्या, वारसांकडून कागद घेतले आणि फेरफार धरले. कोर्टात वाद चालू असलेल्या जमिनी त्यात घेतल्या नाहीत. ज्यांचे काम तेव्हा झाले, ते सुटले. ज्यांचे राहिले, त्यांनी मोहिमेची वाट बघत बसू नये. वारस नोंद बारा महिने होते.

कागद कोणते लागतात? मृत्यूचा दाखला. सगळ्या वारसांची नावे, वये, पत्ते आणि मयताशी नाते. वारसांबद्दलचे प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र. पोलीस पाटील, सरपंच किंवा ग्रामसेवक यांचा दाखला. तलाठी गावात चौकशी करतो, नोटीस लागते, आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. नावे लांबली, काम तेच आहे. तुमच्या तालुक्याचेही तसेच. वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायचे राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली ठरवले. जुन्या कागदावर वेल्हे दिसले म्हणून कोणी "हा कागद चालत नाही" म्हणाले, तर तसे लिहून मागा. बहुधा लिहून देणार नाहीत.

मृत्यूचा दाखला हे या साऱ्याचे मूळ. माणूस घरी गेला, तर एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. दुःखाचे दिवस असतात, हे आम्हालाही कळते. पण घरातल्या कोणीतरी दहाव्या-बाराव्याच्या आसपास एवढे काम करून टाकावे. वर्ष उलटले तर वरच्या अधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय नोंद होत नाही.

आता सातबारा वाचू. हा बघा. वर गाव, तालुका आणि गट क्रमांक. त्याच्याखाली जमीन किती ते हेक्टर आणि आर यांत लिहिलेले आहे. आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा. शंभर आरांचा एक हेक्टर. चाळीस आर म्हणजे साधारण एक एकर. मधे भोगवटादाराचे नाव, म्हणजे जमीन कोणाची ते. नावापुढे फेरफाराचा क्रमांक असतो. ते नाव कुठल्या नोंदीने आले, हे त्या क्रमांकावरून शोधता येते. एका बाजूला 'कुळ आणि इतर अधिकार' असे लिहिले आहे. तिथे बारीक अक्षर असते. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा हे सारे तिथे दडलेले असते. तेच आधी वाचा. खाली गाव नमुना बारा, त्यात पीक. तुम्ही भात लावले आणि कागदावर जमीन पडीक लिहिली, असेही होते. नुकसानभरपाई मागायच्या वेळी मग पंचाईत.

काही घरांत नावापुढे 'ए.कु.क.' अशी तीन अक्षरे दिसतील. एकत्र कुटुंब कर्ता. एका काळी थोरल्या भावाचे नाव लावून ही अक्षरे जोडत. म्हणजे जमीन सगळ्यांची, नाव एकाचे. ती अक्षरे गळाली की धाकट्यांची पोरे उघड्यावर पडतात. तुमच्या घरात ती असतील तर जुना फेरफार काढून ठेवा.

बायांनो, हे तुमच्यासाठी. १९५६ सालच्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला, मुलीला आणि आधी वारलेल्या मुलाच्या विधवेलाही वारस धरले आहे. २००५ साली कायदा बदलला आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क झाला. तेव्हा वारसांची यादी करताना लेकींची नावे गाळायची नाहीत. लेकीने आपण होऊन हक्क सोडला, तर तो तिचा विचार. पण हक्कसोडपत्र हा नोंदणीचा दस्त आहे. "नुसती सही कर गं" म्हणून पुढे केलेल्या कागदावर सही करू नका. आता तुम्हाला वाचता येते. बसा, वाचा, मग ठरवा. आणि नवरे मंडळींनो, मरायची वाट कशाला बघता? १९९२ साली निघालेल्या लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने जितेपणी अर्ज करून बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावायची सोय झाली. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी तो विचार गावोगाव सांगितला होता.

मागे कोणीतरी म्हणाले, "हे ठीक आहे, पण साहेबानं पोच दिलीच नाही तर?"

मग २०१५ चा कायदा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. कोणकोणती कामे, किती दिवसांत आणि कोणी करायची, हे या कायद्याखाली जाहीर केलेले असते. ते कचेरीच्या फलकावर लावले पाहिजे. कचेरीत शिरल्यावर आधी माणूस शोधू नका, फलक शोधा. अर्ज दिला की पोच मिळते, तिच्यावर अर्जाचा क्रमांक आणि तारीख असते. दिवस भरले आणि काम झाले नाही, किंवा अर्ज फेटाळला, तर तीस दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील. फेटाळायचे तर कारण लिहून द्यावे लागते. तिथे दाद लागली नाही तर दुसरे अपील, आणि त्यानंतर साठ दिवसांत थेट आयोगाकडे. काम विनाकारण अडवले असे ठरले, तर अधिकाऱ्याला पाचशे रुपयांपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड होतो. त्याच्या खिशातून, सरकारच्या नव्हे.

पण हे दिवस मोजायचे कुठून? पोचेवरच्या तारखेपासून. पोच नसेल तर दिवस सुरूच होत नाहीत. मावशीचे हेच झाले.

सगळीच कामे या कायद्यात नाहीत. जे त्यात नाही, त्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार. "माझ्या अमक्या तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली?" एवढे एकच वाक्य लिहा आणि दहा रुपये भरा. दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत. तीस दिवसांत उत्तर यावे लागते. एरवी न सापडणारे कागद या अर्जानंतर सापडतात, असा आमचा अनुभव आहे.

साहेबाने समोर पोच नाकारली तर भांडू नका. टपाल कचेरीत जा आणि अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, नोंदणी करून. टपालाची पावती हाही पुरावाच. आणि सगळेच कारकून वाईट नसतात, हेही सांगायला हवे. एका तलाठ्याकडे सहा-सहा गावे असली, तर तो तरी कुठे पुरणार? भर पावसात मोटारसायकल ढकलत वाडीवर आलेला तलाठीही आम्ही पाहिला आहे. त्यालाही पोच मागा. तो हसून देईल.

समोरच्या किल्ल्यावरून महाराजांनी पुष्कळ वर्षे राज्य चालवले. त्या काळी मावळात वतनाचा तंटा झाला की गोतसभा बसे आणि महजर लिहीत. खाली हजर असलेल्यांची नावे असत. कुणब्याला अक्षर येत नसले तर तो नांगराची निशाणी करी. पण त्याची निशाणी कागदावर असे, आणि पुढे नातवाला ती दाखवता येई. म्हणजे पोच मागणारे आपण काही पहिले नव्हे.

मावशीचे विचाराल, तर ती आता वर्गात पुढे बसते. चावडीवर कागद लागला की हंडा खाली ठेवते आणि वाचते. बाया तिच्याभोवती गोळा होतात. "काय लिवलंय गं?" मग ती मोठ्याने वाचून दाखवते, जोडाक्षराला जरा अडखळते. मागे एकीच्या नावात चूक निघाली, ती पंधरा दिवसांच्या आत दुरुस्त झाली. दीर अजून तिच्याशी बोलत नाही.

बरे, आता उठा, पाऊस उघडला आहे. पुढच्या खेपेला येताना प्रत्येकाने आपला सातबारा आणि आठ अ आणावा. सही केलेला उतारा सेवा केंद्रात मिळतो. सरकारी फी पंधरा रुपये आहे. जास्त मागितले तर पावती मागा. घरात कोणी गेले असेल आणि नाव तसेच असेल, तर मृत्यूचा दाखलाही आणा. अर्ज इथेच बसून लिहू, ज्याचा त्याने आपल्या हाताने. आणि प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करू.

कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. ओढ्याला पाणी आहे.