पोटाची परीक्षा आणि माझी तयारी

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



आरोग्यावर बोला असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. ते म्हणाले, मग तर बोलाच!

मला मधुमेह होऊन 18 वर्षं झाली. गेल्या वर्षी अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च व्हायचं. दुपारच्या जेवणाचे ढेकर रात्रीपर्यंत यायचे. गॅस असेल म्हणून मी कुणाला बोललो नाही. एका रात्री इन्सुलिन घेऊन जेवलो आणि तासाभरात घामाघूम झालो, बोलता येईना. साखर 48! सौ.ने समोरचं दार वाजवलं, तिथला मुलगा धावत आला. दोघांनी साखरपाणी पाजलं, म्हणून आज इथे उभा आहे.

डॉक्टर म्हणाले, इन्सुलिन आपलं काम करत होतं, पण जेवण पोटातच अडकलं होतं. दुर्बिणीच्या तपासणीत अडथळा दिसला नाही. मग त्यांनी गॅस्ट्रिक एम्प्टिइंग स्कॅन सांगितला. आपली ड्रेनेज लाइन तुंबली की प्लंबर पाणी सोडून ते किती वेळात जातं हे बघतो ना, तसंच हे. जेवणात अगदी थोडा किरणोत्सर्गी पदार्थ मिसळून देतात आणि पोटात किती उरलं ते कॅमेरा मोजतो. खाल्ल्यावर लगेच, मग 1, 2 आणि 4 तासांनी.

पहिल्या खेपेला मी नापास झालो, तेही पेपर हातात मिळण्याआधी! तिथल्या मुलीने विचारलं, "काका, पोटाची काही औषधं चालू आहेत?" मी ऐटीत म्हटलं, "छे, काही नाही." तेवढ्यात सौ.ने पर्समधून पाकीट काढलं. "अहो, ही कोण घेतं मग रोज सकाळी?" ती माझी ॲसिडिटीची कॅप्सूल. मी तिला औषध समजतच नव्हतो. पण तिच्यात पँटोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोनही होतं, आणि ते पोटाची हालचाल वाढवतं. तपासणी झाली असती, तर रिपोर्ट नॉर्मल येण्याची शक्यता होती आणि मी त्याच डोसचं इन्सुलिन घेत राहिलो असतो. त्या रात्रीची आठवण होऊन अंगावर काटा आला. तारीख पुढे ढकलली.

दुसऱ्या खेपेला नीट तयारी केली. ती सांगतो, उपयोगी पडेल.

सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आधी डॉक्टरांकडे गेलो. पोटाची गती वाढवणारी किंवा कमी करणारी औषधं साधारण 2-3 दिवस आधी थांबवतात, पण कोणती आणि कधी ते डॉक्टरच ठरवतात. वजन कमी करायची नवी इंजेक्शनं, तीव्र वेदनाशामक गोळ्या, सगळं सांगायचं. उपाशी राहायचं म्हणून इन्सुलिनचं काय करायचं तेही मी कागदावर लिहून घेतलं. साखर फार वाढलेली असली तरी पोट संथ होतं, म्हणून सकाळी ती तपासली.

रात्रीनंतर काही खायचं नाही. सकाळचा चहासुद्धा नाही! विडी-सिगारेट, तंबाखूही नाही. ठरलेल्या जेवणात अंड्याचा पांढरा भाग, पाव आणि जॅम असतो. मी अंडं खात नाही हे फोनवर आधीच सांगितलं होतं, म्हणून मला इडली मिळाली. ती 10 मिनिटांत संपवायची. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तसं आधीच सांगावं. आणि पूर्ण सकाळ मोकळी ठेवा. बरोबर कुणीतरी आणि वाचायला काहीतरी असू द्या.

4 तासांनी 10 टक्क्यांहून जास्त अन्न उरलं तर पोट संथ आहे असं धरतात. माझं 31 टक्के उरलं होतं. आता मी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, मऊ आणि कमी तेलाचं खातो. इन्सुलिनची वेळ डॉक्टरांनी बदलून दिली. तशी रात्र पुन्हा आली नाही.

मंडळी, 25 वर्षांत आपण एकमेकांपासून फारसं काही लपवलेलं नाही. कुणाच्या घरी कोणती भाजी शिजते तेही जिन्यात कळतं! मग डॉक्टरांपासून एक गोळी कशाला लपवायची? पाकिटं घेऊन जा, आणि विचारतील तेव्हा सौ.ला बोलू द्या.