साताऱ्याचे सार्वजनिक काका

महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेले सार्वजनिक न्यासांचे लेखापरीक्षक, हिशेबनीस बंधुभगिनींनो,

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या शहरात स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

हे गाव शाहू महाराजांच्या राजधानीचे. प्रतापसिंह महाराजांच्या विद्याप्रेमाचे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचे नाव ज्या शाळेच्या पटावर चढले, ती शाळा इथलीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, ते याच मातीत. १९२७ मध्ये त्याचे नामकरण महात्मा गांधींच्या हस्ते झाले. या थोरांची नावे आपण जाणता. मला आज बोलायचे आहे ते एका विस्मरणात गेलेल्या सातारकराविषयी.

गणेश वासुदेव जोशी १८२८ मध्ये साताऱ्यात जन्मले. पुढे ते पुण्यात वकील झाले. त्या काळी तिथल्या पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता. लोकांच्या वतीने बोलायचे कुणी, आणि तो अधिकार दिला कुणी, हा प्रश्न उभा राहिला. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेली पुणे सार्वजनिक सभा हे त्याचे उत्तर होते. सुमारे ६,००० लोकांची मुखत्यारपत्रे घेऊन ९५ प्रतिनिधी सभेत बसले. सभेचे अध्यक्षपद औंधच्या पंतप्रतिनिधींकडे गेले, म्हणजे तो मानही आमच्या जिल्ह्याकडेच आला. सभेचा रोजचा भार मात्र गणेशपंतांनी वाहिला. पुढे न्यायमूर्ती रानड्यांची साथ मिळाली. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेची माणसे गावोगाव फिरली, माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे ठेवली.

१८७२ मध्ये गणेशपंतांनी स्वदेशी वापरण्याची शपथ घेतली. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे जरीकिनखापात आले असताना ते हातसुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत गेले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेण्याचे धैर्यही त्यांनी दाखवले. गणेशपंतांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी स्त्रियांची सभा चालवली. १८८० मध्ये, अवघ्या बावन्नाव्या वर्षी ते गेले. सरकारने त्यांना कोणती पदवी दिली हे कुणी विचारत नाही. लोकांनी दिलेली पदवी नावाच्या जागी बसली: सार्वजनिक काका.

आपल्या परिषदेशी याचा संबंध काय, असे कुणी विचारील. माझ्या मते तो आहे. देवस्थानाचा कारभार चारचौघांचा खासगी नव्हे, त्याचा जाब विचारण्याचा हक्क लोकांना आहे, या आग्रहातून सभा जन्मली. तोच आग्रह आपण रोज ताळेबंदातून जपता.

आता व्यवस्थेविषयी. अवकाळी पावसाने मंडप भिजला, त्यामुळे कालच्या दिवसभरात तो पुन्हा उभारावा लागला. लॉजमधल्या खोल्या पुरल्या नाहीत. काही प्रतिनिधींची सोय शाळेच्या वर्गांत केली आहे. गाद्या नव्या आहेत, पण आंघोळीच्या गरम पाण्यासाठी पहाटे थोडे थांबावे लागेल. स्टँडवरून येणाऱ्या रिक्षा सकाळी कमी पडल्या, त्याबद्दल मी क्षमा मागतो. कुणाची गैरसोय झाली तर ती माझ्यापर्यंत यावी. स्वयंसेवक रात्रभर कार्यालयात आहेत.

मंडपाचा खर्च उचलणारे व्यापारी बंधू, तांदूळ-गहू देणारे शेतकरी, पाण्याचे टँकर पाठवणारे सद्गृहस्थ, न सांगता कंदी पेढ्यांच्या करंड्या आणून ठेवणारे मिठाईवाले, दोन दिवस स्वयंपाकघरात राबणाऱ्या महिला मंडळाच्या भगिनी, सतरंज्या घालणारी महाविद्यालयीन मुले, नगरपालिकेचे सफाई कर्मचारी आणि विनामूल्य वर्ग देणारे मुख्याध्यापक, या सर्वांचा मी ऋणी आहे. पावती फाडताना ज्यांनी स्वतःचे नाव घालू दिले नाही, त्यांचेही आभार. रक्कम मात्र हिशेबात नोंदली आहे.

आपणांस एकच विनंती. परतल्यावर आपल्या गावात असा एखादा सार्वजनिक काका शोधा. तो हयात असेल तर त्याच्या संस्थेचे दप्तर नीट लावून द्या. नसेल तर त्याचे नाव पुढच्या पिढीच्या कानी घाला.