दाव्याच्या टोकाला पक्की गुंडी

(इस्लामपूर परिसरातील शेतकऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बेंदूर जवळ आला की आपण बाजारातून नवे कासरे, म्होरक्या, वेसणी आणि गोंडे हौसेने आणतो. दोराचा रंग बघतो, भाव करतो. पण दोराचे टोक कसे बांधले आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. आज मी त्या टोकाविषयीच बोलणार आहे. विषय किरकोळ वाटेल; पण आमच्या घरी त्याची किंमत एका कालवडीने मोजली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गोठ्यात एक खिलार कालवड होती. दावे नायलॉनचे, नवे. मीच त्याचे टोक मेणबत्तीवर जाळून चिकटवले आणि साधी गाठ मारून फाशात अडकवले. नायलॉन गुळगुळीत असते. रात्रीच्या हिसक्यांनी गाठ सरकली आणि कालवड शेजारच्या ज्वारीच्या रानात गेली. ज्वारी काढून झाली होती. पाण्याचा ताण होता आणि बुडख्यांना कोवळे फुटवे आले होते. अशा फुटव्यांत हायड्रोसायनिक आम्ल हे विष तयार होते, हे आपण जाणताच. कालवडीला किराळ लागली. पशुवैद्यक येईपर्यंत ती राहिली नाही. कोवळी ज्वारी चारू नका, असे इतरांना सांगत फिरणारा मी! वडील एवढेच म्हणाले, "सगळं शिकलास, गाठ मारायची तेवढी राहिली."

पूर्वी गावगाड्यात दोरखंड वळण्याचे काम मातंग समाजाकडे असे. अंबाडी, ताग आणि बांधावरच्या घायपाताच्या वाखापासून दावी, चऱ्हाटे, मोटेचे नाडे ते वळून देत आणि सुगीत त्यांना बलुते मिळे. आमच्या गावातील अशाच एका वयस्कर कारागिरांजवळ बसून मी गुंडी शिकलो. दिसायला ती शोभेची. पण जितका ताण बसेल तितकी आवळत जाते. जहाजांवरचे खलाशीही अशाच गुंड्या वळत. क्लिफर्ड ॲशले यांच्या १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या गाठींवरील ग्रंथात त्यांचे कितीतरी प्रकार आहेत.

गुंडी वळण्याची कृती

१) तीन पदरी दोर घ्यावा. बोटाएवढ्या जाडीच्या दोराच्या टोकापासून दीड वीत अंतरावर सुतळीचे पाच-सहा वेढे घट्ट बांधावेत. तेथपर्यंत पीळ उकलून तिन्ही पदर मोकळे करावेत. प्रत्येक पदराच्या टोकाला दोरा गुंडाळावा.

२) खालचा फेर : दोर डाव्या मुठीत उभा धरावा. पहिला पदर उजवीकडे वळवून वळसा ठेवावा. दुसरा पदर पहिल्याच्या टोकाखालून न्यावा. तिसरा पदर दुसऱ्याच्या टोकाखालून नेऊन पहिल्याच्या वळशातून वर काढावा. आता तिन्ही टोके वर येतील. फेर सैलच ठेवावा.

३) वरचा फेर : पहिला पदर मध्यावर आडवा टाकावा. दुसरा त्याच्यावरून न्यावा. तिसरा दुसऱ्यावरून नेऊन पहिल्याच्या वळशात घालावा. टोके आता खाली येतील.

४) दुहेरी फेर : प्रत्येक टोक शेजारून गेलेल्या पदराच्या कडेने, त्याच वाटेने, आधी खालच्या व मग वरच्या फेरातून फिरवावे. शेवटी टोके गुंडीच्या पोटातून खाली काढावीत. एकेक पदर थोडाथोडा ओढत गुंडी गोल व घट्ट करावी. उरलेली टोके कापावीत.

पहिल्यांदा शिकताना तीन वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्या एकत्र बांधून घ्याव्यात, म्हणजे कोणता पदर कुठे गेला हे कळते. दोन-तीन वेळा चुकेल, चौथ्यांदा जमेल.

घ्यावयाची काळजी

दाव्याच्या दुसऱ्या टोकाचा फासा असा असावा की गुंडी त्यातून जोर लावून आत जाईल, पण आपोआप बाहेर येणार नाही. गळ्याभोवती हाताचा पंजा सहज फिरेल इतकी जागा ठेवावी. गळ्यात सरकता फास कधीही घालू नये. जनावर पाय घसरून पडले तर तो आवळतो. खुंट्याला मात्र सुरगाठच मारावी. गोठ्याला आग लागली किंवा जनावर दाव्यात गुरफटले, तर निरगाठ सोडायला वेळ मिळत नाही. म्हणजे गळ्याकडे न सुटणारी गुंडी आणि खुंट्याकडे एका ओढीत सुटणारी सुरगाठ, हे लक्षात ठेवावे.

नायलॉनच्या दोराला गुंडी दुहेरीच वळावी आणि टोके कापल्यावर जाळून बंद करावीत. नुसते जाळणे पुरेसे नाही, हे मी शिकलो आहे. उन्हाने नायलॉन ठिसूळ होते आणि ओलीने वाख कुजतो. म्हणून महिन्यातून एकदा दावी हातात घेऊन पाहावीत. नाकाला व तोंडाला मऊ सुती दोर वापरावा.

बंधूंनो, दोर वळणारे जुने हात गावोगावी कमी होत आहेत. आपल्या गावात असा कारागीर असेल तर योग्य मोबदला देऊन घरातील मुला-मुलींना ही विद्या शिकवून घ्यावी. येत्या बेंदराला बैलाच्या शिंगांना रंग जरूर लावा, गोंडे बांधा; पण त्याआधी दावणीवरच्या प्रत्येक दाव्याचे टोक एकदा ओढून पाहा.